मामा, किती द्यायचे?

अकोले तालुक्यातल्या रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीकडे निघालं की पहिला तासभर वाट लाडात चालवते. अमृतेश्वराचं देऊळ मागे पडतं, प्रवरेचा ओढा दोन-चारदा ओलांडून होतो, आणि मग झाडी दाटते तशा वाटेला वाटा फुटायला लागतात. काही ढोरवाटा, काही लाकूडफाट्याच्या. काही तर वाटाच नव्हेत, पावसाच्या पाण्यानं पाडलेल्या घळी. मार्च महिन्यात पाचोळ्याखाली त्या हुबेहूब वाटेसारख्या दिसतात. आम्ही बावीस जण अशाच एका घळीतून दोन-अडीच तास चढत होतो. लीडरकडे गिर्यारोहणाच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं, मोबाइलमध्ये कुणीतरी नोंदवून ठेवलेला मार्ग होता, आणि पडद्यावरचा निळा ठिपका शेवटपर्यंत सांगत होता की तुमचं बरोबर चाललंय. मग समोर दोन पुरुष उंचीचा कातळ आला. पायाखाली घसारा, आणि सगळ्यांच्या बाटल्यांत मिळून चार-पाच लिटर पाणी.

वर कुठेतरी कोयत्याचा आवाज येत होता. हाका मारल्यावर तो थांबला, आणि पाचेक मिनिटांनी पन्नाशी ओलांडलेला एक माणूस कारवीतून बाहेर आला. कमरेच्या आकडीत कोयता, पायात प्लास्टिकचे बूट. त्यानं आमच्याकडे, मग घळीकडे पाहिलं.

"हिकडं कुठं आले? ही पाण्याची वाट हाय, मान्साची नाय."

त्यानं आम्हाला आडवं काढलं, खिंडीच्या वाटेला लावलं आणि स्वतःचं काम टाकून वाडीपर्यंत सोबत आला. पण लक्षात राहिलं ते दुसरंच. जिथे आम्ही चुकलो होतो त्या फाट्यावर तो थांबला, एक फांदी तोडली आणि चुकीच्या वाटेवर आडवी टाकली. मागून येणारा आता चुकणार नाही. मागून येणारा कोण, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

रात्री त्याच्याच वाडीत मुक्काम केला. वाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या शनिवारी तिथे दोन बस उभ्या राहतील. सकाळी निघताना आमच्या लीडरनं विचारलं, "मामा, किती द्यायचे?" आणि सह्याद्रीत मी हजारदा ऐकलेलं उत्तर आलं: "द्या काय द्यायचं ते."

लीडरनं तीनशे दिले. मामांनी ते न मोजता खिशात घातले. ट्रेकर मंडळी या क्षणाबद्दल फार गोड बोलतात. किती साधी माणसं, किती निर्लोभी, शहरात असं कुठे राहिलंय. मीही वीस वर्षं बोलत आलो. आता मला वाटतं, "द्या काय द्यायचं ते" यात साधेपणा असेलही, पण त्याहून जास्त आहे ती लाचारी. ज्याला आकडा सांगायची सोय नाही, तो असंच म्हणणार. आणि आकडा सांगायची सोय कोणाला असावी, हा माणुसकीच्या गोष्टीत मिटणारा विषय नाही. तो कायद्याचा आणि सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच: जंगलातल्या वाडीत कोणी किती संख्येनं यायचं, कधी यायचं नाही, आणि त्याचे किती पैसे, हे त्या वाडीच्या ग्रामसभेनं ठरवावं. संयोजकानं नाही, वनखात्यानं नाही, आणि माझ्यासारख्या भल्या पाहुण्यानं तर नाहीच.

आधी त्या 'मामा'बद्दल. सह्याद्रीत प्रत्येक वाटाड्या आपला मामा असतो आणि भाकरी थापणारी प्रत्येक बाई मावशी. यात आपुलकी आहे, नाही असं नाही. पण या नात्याची एक सोयही आहे. मामाला नाव विचारावं लागत नाही. मामाशी घासाघीस करायची नसते, आणि मामानंही करायची नसते. त्यानं दिवस मोडला, कोयता बाजूला ठेवला, बावीस जणांना अंधाराआधी खिंड ओलांडून दिली, तरी ते भाच्यांसाठीच केलं. बसच्या चालकाला आपण मामा म्हणत नाही. त्याचा दर आधी ठरतो, ॲडव्हान्स आधी जातो.

त्या ट्रेकचा हिशेब मी नंतर मांडला. माणशी अठराशे, बावीस जण, म्हणजे ३९,६०० रुपये. वाडीला मिळाले ते असे: रात्रीच्या जेवणाचे माणशी १२०, सकाळच्या पोह्या-चहाचे ४०, आणि मामांचे ३००. सगळे मिळून ३,८२०. दहा रुपयांतला एकही धड नाही. संयोजक चोर होता असं कोणी समजू नये. निम्म्याहून जास्त पैसे बसनं खाल्ले, लीडर पोरांना मानधन होतं, आणि हे गट चालवणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून हौसेनंच करतात. पण या हिशेबात एक ओळ मुळातच नव्हती. ज्या वाटेसाठी आम्ही गेलो, त्या वाटेची. जेवणाचे पैसे होते, चहाचे होते. वाट मात्र फुकट, जशी काही ती देवानं पाडून ठेवली आहे.

वाट देव पाडत नाही. ती दर पावसाळ्यानंतर नव्यानं पडते. कारवी वाढते, दरड येते, झाड आडवं होतं, आणि गुरं-माणसं चालून चालून ती पुन्हा मळते. कुठला ओढा मार्चपर्यंत पाणी धरतो, कुठल्या धारेवर वारा माणसाला उभं राहू देत नाही, कुठल्या झाडावर आग्या मोहोळ असतं, हे सगळं त्या वाटेत आलं. महादेव कोळी आणि ठाकर समाजानं हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या राखलं आहे, आणि एके काळी त्याला रोकडी किंमत होती. मराठेशाहीत या भागातले किल्ले आणि घाट राखायचं काम कोळी नाईकांकडे असे, आणि त्याचा मोबदला त्यांना मिळे. १८१८ नंतर इंग्रजांनी गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, हे हक्क कापले, आणि त्यातूनच या डोंगरांत बंडं उभी राहिली. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. म्हणजे वाटेचं मोल मागणं ही पर्यटनानं बिघडवलेल्या माणसाची नवी खोड नाही. मोल द्यायचं बंद झालं, ते नवं.

आता पाणी. त्या रात्री आम्ही जेवून उठलो. नाचणीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, आणि वर हौस म्हणून तांदळाची भाकरी. मावशींनी आणि त्यांच्या सुनेनं मिळून साठ-सत्तर भाकऱ्या थापल्या असतील. घरच्यांनी आतली खोली आम्हाला दिली आणि स्वतः पडवीत झोपले. पहाटे साडेचारच्या सुमारास मला जाग आली ती हंड्याच्या आवाजानं. सून पाण्याला निघाली होती. मला काय वाटलं कोण जाणे, बॅटरी घेऊन मागोमाग गेलो. विहीर खाली ओढ्याच्या काठाला. उतरायला दहा मिनिटं, भरलेला हंडा आणि वर कळशी घेऊन चढायला वीस. पाणी तळाला गेलेलं. दोर पुरा सोडून पोहरा तिरपा पाडावा लागत होता. मी विचारलं, आमच्यासाठी किती खेपा झाल्या? तिनं हसून सांगितलं, "काल सांजला सात. आता बघू."

सात खेपा म्हणजे साडेतीन तास. आम्ही त्या पाण्यानं हात धुतले, ताटं विसळली, दोघांनी तर पायही धुतले, धूळ फार होती म्हणून. एकशेवीस रुपयांच्या ताटात हे साडेतीन तास कुठे बसतात? ते बसतच नाहीत, कारण पाणी बाईनं आणलेलं असतं, आणि बाईनं आणलेल्या पाण्याचा हिशेब करायची आपल्याकडे रीत नाही. ट्रेकला कुठे किती माणसं न्यावीत याची चर्चा होते तेव्हा कातळटप्पा किती अवघड, दोर किती, लीडरमागे किती जण, असं सगळं येतं. मुक्कामाच्या वाडीतली विहीर मार्चमध्ये किती जणांना पुरेल, हे मी आजवर एकाही ट्रेकच्या जाहिरातीत वाचलेलं नाही. ते सांगू शकेल अशी एकच माणसं आहेत, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

राज्य सरकारनं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. संयोजकांनी नोंदणी करावी, सुरक्षेचे नियम पाळावेत, विमा असावा. उत्तम. याआधी कोणीही उठावं, चाळीस पोरं गोळा करावीत आणि कड्यावर न्यावीत, असं चाललं होतं. त्यात जीव गेले आहेत. पण सुरक्षेचा हा सगळा विचार पाहुण्याच्या जिवाचा आहे. यजमानाचं काय? ज्या वाडीत पाहुणा रात्र काढतो, ती वाडी सुरक्षित आहे का?

इर्शाळगडाला मी किती वेळा गेलो असेन, मोजलं नाही. पनवेल-कर्जतच्या वाटेवरून दिसणारा तो सुळका, आणि त्याच्या अंगावर मध्येच वसलेली ठाकरांची इर्शाळवाडी. मुंबईकर ट्रेकरांच्या दोन पिढ्यांनी तिथे चहा घेतला, पोहे खाल्ले, पावसात कुडाच्या घरात कपडे सुकवले. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडीतली अनेक घरं गाडली गेली. २७ मृतदेह सापडले; ५७ जण सापडले नाहीत. वर गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं चढू शकली नाहीत. हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. माणसं चिखलातून वर चढली आणि हातांनी उकरत राहिली. त्यात जवळपासचे गिर्यारोहकही होते, आणि त्यांनी जे केलं त्यापुढे मान लवते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनं सांगितलं.

यादीत नव्हती, पण शेकडो ट्रेकरांच्या मोबाइलमध्ये होती. तिच्यावरच्या उताराचे फोटो दर पावसाळ्यात निघत होते, मीही काढलेत. ढगात बुडालेली वाडी, हिरवा उतार, खाली मोरबे धरणाचं पाणी. तो उतार धोक्याचा असू शकतो, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. ट्रेकरांमुळे दरड आली, असं मी म्हणत नाही. तसा काही संबंध नाही. मी म्हणतो ते असं की इतकी वर्षं जा-ये करूनही आमचं त्या वाडीशी नातं चहापुरतं राहिलं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं तेव्हा १५१ माणसं गेली, आणि गाव दिसत नाही हे बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. इर्शाळवाडीला तर एसटीही येत नव्हती. पाहुण्यांच्या पैशातून वाडीच्या हाती स्वतःचा निधी असता, बाहेरच्याशी बोलायला स्वतःची बैठक असती, तर दरड थांबली नसती. पण एखादी घंटा, एखादा चालता फोन, पावसाळ्यापुरती खाली उतरायची निवाऱ्याची जागा, एवढं तरी मागायला आवाज असता, असं मला वाटत राहतं. हे वाटणं आहे, पुरावा नाही.

ग्रामसभेनं ठरवावं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोणत्या अधिकारानं? जंगल तर वनखात्याचं. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे वाडीचं काय चालणार?

चालतं. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे, आणि त्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं स्पष्ट शब्दांत येतात. गावाला आपल्या सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क त्यात आहे. पाचवं कलम तर आणखी पुढे जातं: या वनात कोणाला शिरू द्यायचं याचं नियमन करणारे आणि जंगल, प्राणी, जैवविविधता यांना बाधणाऱ्या गोष्टी रोखणारे ग्रामसभेचे निर्णय पाळले जातील, हे पाहायचा अधिकार ते देतं. प्रवेशाचं नियमन, हे शब्द कायद्यातलेच आहेत. अनुसूचित क्षेत्रासाठी, म्हणजे सरकारनं आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या भागासाठी, १९९६ चा पेसा हा ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा आहे, राज्याचे नियम २०१४ पासून आहेत, आणि त्यात वाडी-पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा मिळू शकते; पंचायतीच्या मोठ्या गावाकडे तोंड करून बसायला नको. अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग या क्षेत्रात येतो.

कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते अभयारण्याच्या नाक्यावर दिसतं. पावती फाडली जाते, पैसे वनव्यवस्थापन समितीच्या नावानं घेतले जातात, आणि त्या समितीची सूत्रं सहसा वनखात्याच्याच हातात असतात. पावती फाडायला गावातलाच पोरगा बसवलेला असतो. दर किती, गाड्या किती सोडायच्या, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. वनखात्याला झोडपायची मला हौस नाही. एकेका वनरक्षकाकडे किती रान असतं आणि पगार किती, ते पाहिलंय. पण खात्याला सवय आहे ती गावाला मजूर म्हणून पाहायची. रोपवाटिकेवर मजूर, जाळरेषेवर मजूर, आता नाक्यावर मजूर.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावानं ही सवय मोडायला किती काळ घेतला, ते आठवावं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू त्यांचा, हे कायद्यानं ठरलं. पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचं पुस्तक खात्याच्या कपाटात. ते गावाच्या हाती यायला २०११ उजाडलं, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना स्वतः तिथे यावं लागलं. वाटेचं आणि मुक्कामाचंही तसंच होणार. वाट बांबूसारखी तोडून, मोळी बांधून दाखवता येत नाही. त्यामुळे जरा जास्तच होणार. तरीही मेंढा-लेखानं एक गोष्ट सिद्ध केली. हक्क मिळाल्यावर गावानं जंगल विकून खाल्लं नाही.

माझे ट्रेकर मित्र इथे हसतात. मेंढ्याचं सांगू नकोस, म्हणतात, भंडारदऱ्याचं सांग. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत काजवे पाहायला जी जत्रा भरते, त्यात तंबू कोणाचे असतात? गावकऱ्यांचेच ना? सांदण दरीच्या तोंडाशी, साम्रदच्या माळावर शनिवारी रात्री स्पीकर कोण लावतं? बरोबर आहे. ते मी पाहिलं आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकत असतात, आणि खालून गाडीचे दिवे त्यांच्यावर पडतात. काजव्यांचा तो उजेड म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. त्यात आपण हेडलाइट मारतो आणि झाड विझलं म्हणून हळहळतो. अळ्या जमिनीत असतात, त्यांच्यावरून पार्किंग. हे करणाऱ्यांत गावचीही माणसं आहेत, याबद्दल डोळे झाकून बसण्यात अर्थ नाही.

पण हे ग्रामसभेनं ठरवलेलं नाही. हे एकेकट्या घरानं आपापल्या शेतात मांडलेलं दुकान आहे, आणि शेजाऱ्यानं पंचवीस तंबू लावले म्हणून यानं तीस लावले. पुष्कळदा भांडवल शहरातल्या कोणाचं तरी असतं. आदिवासीची जमीन सरकारी परवानगीवाचून बाहेरच्याला घेता येत नाही, म्हणून नाव शेतकऱ्याचं आणि बुकिंगचा फोन पुण्यातला. ज्याचा तंबू त्याचा शनिवार. काजवे सगळ्यांचे, त्यामुळे कोणाचेच नाहीत. एका घराला 'आज नाही' म्हणणं परवडत नाही. अख्ख्या वाडीला परवडू शकतं.

ग्रामसभा म्हणजे पवित्र वस्तू, असंही मी समजत नाही. ज्याच्याकडे जीप, त्याच्याच घरी दरवेळी पाहुणे उतरतात. सभेत बोलतात पुरुष आणि भाकरी थापतात बायका. सात खेपांचा हिशेब पुरुषांच्या बैठकीत निघेल याची मला खात्री नाही. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी अट आहे. मला तरी ही त्या नियमांतली सगळ्यात शहाणी ओळ वाटते. याच तालुक्यात राहीबाई पोपेरे आहेत. कोंभाळण्याच्या एका महादेव कोळी बाईनं गावरान बियाणं जपलं, आणि २०२० सालच्या पद्मश्रीपर्यंत ते काम पोचलं. ज्या बायकांना कोणतं वालाचं बी कुठल्या मातीत टिकतं हे सांगता येतं, त्यांना आपल्या विहिरीवर किती पाहुणे झेपतील हे सांगता येणार नाही, असं कोणाला वाटतं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. दर लावलात तर ट्रेकिंग पैसेवाल्यांचं होईल. मी स्वतः कॉलेजात असताना कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे एसटी आणि रात्री देवळात, असाच फिरलो. खिशात शंभराची एक नोट. त्या काळात कोणी पट्टी मागितली असती तर मी हरिश्चंद्रगड पाहिला नसता, नळीच्या वाटेनं चढलो नसतो, कोकणकड्यावर पालथा पडून खाली बघितलं नसतं. म्हणूनच दर सरकारनं सरसकट ठरवू नये असं मी म्हणतो. चार पोरं, स्वतःचा स्टोव्ह, स्वतःचे तांदूळ, एसटीनं आलेली. त्यांच्याकडून कुठलीही वाडी काही घेणार नाही, उलट ताक देईल. वाडीला चार पोरं आणि दोन बस यांतला फरक कळतो. तो फरक कळत नाही छापील पावतीला.

आणि दानाचं काय? पुष्कळ गट अलीकडे ट्रेकबरोबर 'सामाजिक उपक्रम' जोडतात. जुने कपडे, वह्या, बिस्किटाचे पुडे, दिवाळीत फराळ. फोटो होतात. हेतू वाईट नसतो, पण मला ते बघवत नाही. ज्या माणसाचे हक्काचे पैसे आपण दिले नाहीत, त्याच्या नातवाला दहा रुपयांचा पुडा द्यायचा आणि तो पुढे हात करतो म्हणून कौतुकानं फोटो काढायचा. पुढच्या खेपेला तीच पोरं बस दिसली की धावत येतात आणि आपण म्हणतो, पर्यटनानं पोरं बिघडली.

परवा, म्हणजे गेल्या फेब्रुवारीत, त्याच वाडीत पुन्हा गेलो. या वेळी सहा जण. मामांना भेटलो, नाव विचारलं. इतक्या वर्षांनी विचारताना मलाच अवघडल्यासारखं झालं. त्यांना काही वाटलं नाही. वाडीत काही मोठी क्रांती झालेली नव्हती. ग्रामसभेचा ठराव नव्हता, पाटी नव्हती. एवढंच की बायकांनी आपापसात बोलून जेवणाचा एक दर धरला होता, सगळ्या घरांचा सारखा, आणि पाहुणे पाळीनं घरोघर पाठवायचं ठरवलं होतं. आमची पाळी दुसऱ्याच घरी आली. रात्री जेवणं झाली. सकाळी मी सवयीनं विचारलं, "मावशी, किती द्यायचे?"

"माणशी अडीचशे. पाणी धरून."

आमच्यातला एक जण पटकन बोलून गेला, "मावशी, जरा जास्तच होतंय हो."

तिनं चुलीपुढून मान वर केली नाही. कोपऱ्यात पालथा घातलेला हंडा पायानं आमच्याकडे सरकवला.

"मंग हिरीवरून तुम्ही आना. शंभर कमी करते."

आम्ही अडीचशे दिले.